शिल्पीला पत्र: कागदावर कागद

प्रिय शिल्पे,

व्हॉट्सअ‍ॅपवर तू विचारलंस सध्या काय उद्योग चाललेत, आणि मी नुसता एक फोटो टाकून गप्प बसले, कारण ते अंगठ्याने टाइप करून सांगण्यासारखं नव्हतंच. आता निवांत लिहितेय. चहा घेऊन बस, लांबण लागणारे.

तर फोटोतलं ते पेंटिंग नाहीये गं, कोलाज आहे, कागदावर कागद चिकटवून केलेलं चित्र. जवळपास सगळा कागदच आहे, वर अगदी थोडं अ‍ॅक्रिलिक. सगळ्यात खाली आजोबांच्या ट्रंकेतल्या मोडी कागदांच्या झेरॉक्स, त्यावर रद्दीतला पेपर, त्यावर हातकागद आणि सगळ्यात वर तू मागे पाठवलेला पतंगाचा कागद. मूळ मोडी कागदांना आई हात लावू देईना, आणि तसंही या कामाला झेरॉक्सच बरी, कारण टोनर म्हणजे प्लॅस्टिकसारखी भुकटी, उष्णतेने कागदावर बसवलेली, फेव्हिकॉलचं पाणी लागलं तरी अक्षर हलत नाही. घरच्या इंकजेटवर काढलेलं मात्र लगेच पसरतं.

या झेरॉक्सची एक गंमत सांगते, तू करूनच बघ. पुठ्ठ्यावर जेल मीडियमचा (अ‍ॅक्रिलिक रंगात मिसळतात ती घट्ट, पारदर्शक जेल) हात मारायचा, झेरॉक्स छापील बाजू खाली करून चिकटवायची आणि रात्रभर विसरून जायचं. सकाळी मागून पाणी लावायचं आणि बोटाच्या पेराने हळूहळू चोळायचं. कागदाच्या बारीक बारीक वळ्या सुटून येतात, मळ निघावा तशा, आणि खाली अक्षरं तेवढी राहतात, कागद गायब! वाळलं की पुन्हा पांढुरकं दिसतं, मग परत ओलं करून परत चोळायचं, घाई केली की अक्षरही जातं. उलटं उमटतं हे लक्षात ठेव, सरळ हवं असेल तर दुकानदाराला आधीच मिरर काढायला सांगायचं. मला उलटंच आवडलं, मोडी तसंही घरात कुणाला वाचता येत नाही.

बाकी कागदाचा स्वभाव कळायला मात्र वेळ जातो. मशीनवर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेला झोपलेले असतात. पेपर वरून खाली फाड, सरळ फाटतो, आडवा फाड, वेडावाकडा जातो, ते यामुळेच. ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या बाजूला जास्त फुगतो, वाळताना आकसतो, आणि जाताना खालच्या पुठ्ठ्यालाही ओढून नेतो, म्हणून आपल्या कॉलेजातल्या सगळ्या कोलाजांची होडी व्हायची. उपाय अगदी साधा, पाठीमागे पण तसाच एक कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. हातकागदात तंतू सगळ्या दिशांना विखुरलेले, त्यामुळे तो त्या मानाने शहाण्यासारखा वागतो. पुण्याला गेलीस तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत डोकाव, १९४० पासून आहे ती. चिंध्यांपासून केलेला कागद लवकर पिवळा पडत नाही. वर्तमानपत्राच्या लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातला एक घटक, राहिलेलं असतं, ते ऊन-हवा लागून पिवळं पडणारच, तेव्हा मी ते आधीच पिवळं धरून चालते आणि वरचे रंग त्या हिशोबाने निवडते.

चिकटवायला फेव्हिकॉलमध्ये पाणी घालते, पातळ कागदाला जास्त पातळ. काही जण अजून मैद्याची खळ वापरतात आणि किडा लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात, पण मोरचूद विषारी, आमच्याकडे पोरं सगळीकडे हात घालतात, सो ते नको.

आता खरी मजा. सगळे थर पक्के वाळले की मी ते काढायला लागते. काही ठिकाणी वरचा कागद ओला करून नखाने सोलायचा, काही ठिकाणी बारीक पॉलिश पेपर घासायचा. पॅरिसमध्ये रेमों एन्स आणि जाक व्हिलेग्ले या दोघांनी १९४९ पासून भिंतींवरची फाटकी पोस्टरं काढून तीच कलाकृती म्हणून मांडली. आपल्याकडे कुठल्याही एसटी स्टँडची भिंत बघ, निवडणुकीच्या खाली सर्कस, सर्कशीच्या खाली क्लासेसची जाहिरात. सोलताना काय वर येईल ते आपल्या हातात थोडंच असतं, म्हणून माझं ठाम मत झालंय की खालचा थर झाकायचाच आहे म्हणून कसाही लावू नये. मी तो असा लावते की जणू तोच फायनल आहे. यूट्यूबवरचे लोक पहिला थर भराभर कात्रणं टाकून उरकतात, मग घासलं की खालून नुसता कचरा निघतो.

फाटलेल्या कडेचंही बघ. मासिकाचं पान फाडलं की एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही, हाताची दिशा बदलली की उलटं. फोटोत डावीकडे जी नदीच्या फेसासारखी रेघ दिसतेय ना, ती म्हणजे फक्त ही कड. रंग नाही लावलाय तिथे.

आणि वय झालं वगैरे म्हणू नकोस हं यावर. मेरी डिलेनी नावाच्या इंग्लिश बाईंनी अठराव्या शतकात वयाच्या ७२ व्या वर्षी रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला घेतली, एकावर एक बारीक तुकडे, आणि जवळजवळ हजार केली. ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आणि आपले शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, ऑपरेशननंतर दृष्टी पूर्ण गेली तर कागद कापून चित्रं करायला लागले. मी त्यांची नुसती छापील चित्रं पाहिलीयेत, पण आकार असे ठाम आहेत की बघत राहावं.

बरं, आता कामाचं. पतंगाचा कागद संपत आलाय. इथे मिळतो तो जाड, थर पारदर्शक होत नाही. अहमदाबादला तुमच्या रायपूर-जमालपूरकडे उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी पतंगांचा बाजार भरतो तेव्हा माझ्यासाठी ताव घेऊन ठेव, पांढरे आणि फिके पिवळे जास्त, लाल अगदी थोडे, कारण लाल रंग पाण्याने सुटतो आणि शेजारच्या सगळ्यांना गुलाबी करतो (एका कोपऱ्यात मी तो मुद्दाम सुटू दिलाय, ओळख कुठे ते). घडी घालू नकोस, गुंडाळी करून पाठव. पैसे जीपे करते, नको म्हणू नकोस.

तुझीच,
वैजू

ता.क. तुझ्या सासूबाईंकडे जुन्या गुजराती लग्नपत्रिका असतील तर त्यापण चालतील, सोनेरी छपाईवर पॉलिश पेपर मारून बघायचाय.