सत्तरीचा माकडताप आणि माझी पीएचडी

फोंडा, गोवा

प्रिय नीता,

मागे फोनवर तू विचारलंस, "आरोग्याचे निर्णय डॉक्टर घेतील की, त्यावर पीएचडी कसली?" तेव्हा मी गडबडीत होते. आज सविस्तर लिहिते, कारण तुझ्याकडून एक कामही करून घ्यायचं आहे.

माझा विषय माकडतापाभोवती फिरतो: त्यावरचे कोणते उपाय आधी करायचे, हे ठरवायचं कसं. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो २०१५ मध्ये आला. गोचीड चावल्यानं होतो, माकडंही त्यानं मरतात, आणि त्याचा जोर जानेवारी ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात. पाचोळ्यात वाकून बोंडू (काजूची फळं) वेचायचे आणि गोचिडीही त्याच पाचोळ्यात. त्यावर खास औषध नाही. शंभरातले तीन ते पाच दगावतात. बाकीचे उठतात, पण कित्येक आठवडे अंगात त्राण नसतं. जुनी लस फारशी उपयोगी पडत नाही म्हणून कर्नाटकात २०२२ मध्ये बंद केली. मग हाताशी उरतं काय? गोचिडी दूर ठेवायला अंगाला लावायचं डीएमपी तेल, मेलेल्या माकडांवर नजर ठेवून त्या जागी कीटकनाशक मारणं, रक्ताची लवकर तपासणी आणि रुग्णाला वेळेत इस्पितळात पोचवणं. पैसा आणि माणसं मोजकी. यातलं आधी काय करायचं?

रूढ उत्तर असं, की रुपयामागे किती आरोग्य वाचतं ते मोजा. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून 'डॅली' हे माप सगळीकडे चालतं. अकाली मृत्यूनं गेलेली वर्षं आणि आजारपणात गेलेली वर्षं यांची ती बेरीज. माप चांगलंच आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण नुसत्या खर्चाच्या हिशेबावर विसंबलं की काय होतं, ते अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं १९९० मध्ये पाहिलं. गरिबांच्या सरकारी विम्यात कोणते उपचार बसवायचे, त्याची त्यांनी यादी केली. तीत दाताला कॅप बसवणं अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वर गेलं. लोक खवळले आणि यादी बदलावी लागली.

माकडतापात अडचण वेगळी आहे. तीन आठवड्यांचं आजारपण म्हणजे वर्षाचा जेमतेम सतरावा भाग. डॅलीच्या तक्त्यात तो आकडा मृत्यूच्या आकड्यापुढे दिसतच नाही. पण ते तीन आठवडे मार्च-एप्रिलमध्ये गेले, तर त्या घराची वर्षाची कमाई गेली. मापाच्या लेखी सगळे आठवडे सारखे. सत्तरीतल्या बाईच्या लेखी ते तसे नाहीत, आणि तिचं बरोबर आहे.

म्हणून मी अनेक निकष एकत्र तोलणारी पद्धत घेतली. थॉमस साटी यांची एएचपी (अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस) तुला माहीत असेलच. दोन-दोन निकष समोर ठेवायचे, कुठला किती महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं, त्यातून वजनं निघतात. कन्सिस्टन्सी रेशो, म्हणजे उत्तरांतल्या विसंगतीचं माप, ०.१ च्या आत असला तर उत्तरं एकमेकांशी जुळतात असं धरायचं. मृत्यू टाळणं, खर्च, लवकर अंमलात येणं, बुडणारी मजुरी असे निकष मी तज्ज्ञांशी बोलून ठरवले होते. मग ते घेऊन गावात बसले. आकड्यांऐवजी काजूच्या बिया मांडल्या. ज्याचं महत्त्व जास्त, त्या बाजूला जास्त बिया. बायकांनी ते चटकन उचललं. तेलाची पाळी आली तेव्हा एक वयस्कर बाई म्हणाली, "तेल लायल्यार बोंडू कशे मळपाचे गो बाय?" तेलाच्या हातापायांनी बोंडू मळून काढलेल्या रसाला वास लागला तर फेणीचा भट्टीवाला तो घेणार नाही, ही तिची भीती. शिवाय उन्हात घामानं तेल टिकत नाही, ते पुन्हा पुन्हा लावावं लागतं. वापरता येणं हा निकष कुणाही तज्ज्ञाच्या यादीत नव्हता, आणि तेलाचं यश सगळं त्याच्यावरच अवलंबून.

आता खरा वाद. डॉक्टरांच्या वजनात मृत्यू टाळणं खूप वर, वेचणाऱ्या बायकांच्या वजनात हंगाम वाचवणं. पाठ्यपुस्तक सांगतं, सगळ्यांच्या उत्तरांचा जॉमेट्रिक मीन, म्हणजे एक प्रकारची सरासरी, घ्या. मी तो काढला, आणि जी क्रमवारी आली ती दोघांपैकी कुणाचीच नव्हती. ती सरकारपुढे 'सर्वांचं मत' म्हणून ठेवायला माझं मन धजत नाही. माझ्या मते दोन क्रमवाऱ्या वेगळ्या द्याव्यात, मतभेद कुठे आहे ते उघड दाखवावं, आणि दोन्हींत वर आलेला पर्याय, म्हणजे लवकर तपासणी, आधी हाती घ्यावा. बाकीच्या पर्यायांवर निर्णय घेणाऱ्यानं कुणाचं ऐकलं ते सांगून निर्णय घ्यावा. मार्गदर्शकांना एकच क्रमवारी हवी आहे, पण या बाबतीत मी मागे हटणार नाही. आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकनाची केंद्रीय यंत्रणा २०१७ मध्ये उभी राहिली. असे प्रश्न यापुढे वाढणारच, तेव्हा हे आत्ताच नीट मांडायला हवं.

तुझं काम असं: एएचपीत एक जादा पर्याय घातला की आधीच्या पर्यायांचा क्रम उलटू शकतो, हा आक्षेप १९८३ पासूनचा आहे. माझ्या तक्त्यांत तसं होतं का, ते तपासशील का? फाइल उद्या पाठवते. वजनं दहा-वीस टक्के हलवूनही बघ. कॉलेजच्या पेपर तपासणीतून मोकळी झालीस की कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मृणाल