खांदेरीच्या बत्तीवरून

थळ, मंगळवार

बाय,

तू सिंगापूरला जहाजावर चढलीस त्याला आज वीस दिवस झाले. काळजीचं काही लिहू नका, असं आईनं बजावलंय. म्हणून खांदेरीचं लिहितो.

रविवारी आत्याची मुलं आली होती, त्यांना होडीनं बेटावर नेलं. आधी वेताळाला नारळ दिला, तुझ्या नावानं. मुलं त्या वाजणाऱ्या दगडापाशीच रमली. तूही तिथून हलायची नाहीस. मग आम्ही बत्तीवर चढलो. १८६७ सालची ती अष्टकोनी बत्ती, २५ मीटर उंच. गुडघे कुरकुरले, पण चढलो.

जन्मभर ही बत्ती मी पाण्यातून पाहिली. प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी, हे तुला पुस्तकातून कळलं, मला तुझ्या आजोबांनी बोटं मोजून शिकवलं. वरून पाहिलं तर बंदराकडे निघालेली मोठी जहाजं लगेच दिसली, आपल्या होड्या मात्र शोधाव्या लागल्या. तेही भर दुपारी. मग रात्री, जहाज जिथून चालवता त्या तुमच्या ब्रिजवरून काय दिसत असेल?

बघ, आलोच तिथे.

१६७९ साली महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी या बेटावर तट बांधू लागला, तेव्हा इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांच्या जहाजांना वारा हवा, खोल पाणी हवं. आपली माणसं रात्री लहान होड्या वल्हवत त्यांच्या मधून निसटायची आणि बेटावर रसद पोचवायची. अंधारात लहान होडी मोठ्या जहाजाला सापडायची नाही, म्हणून खांदेरी टिकली. लहानपणी हे तुला किती वेळा सांगितलं, आणि तू टाळ्या वाजवायचीस. रविवारी वर उभा असताना मला नानाची रात्र आठवली. त्याच्याही होडीच्या काठीवर दिवा होता. ते जहाज थांबलंसुद्धा नाही.

तू म्हणशील, रडार आहे. लाकडी होडी त्यात नीट उमटत नाही, हे तूच मला सांगितलंयस. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं आदळली ती दिवसाढवळ्या. तू बालवाडीत होतीस. सांडलेल्या तेलाच्या भीतीनं कोणी म्हावरं घेईना. म्हणून सांगतो, पडद्यावरची नजर उचलून काचेबाहेर बघत जा. तुमचा तो पाचवा नियम, डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचा, ओटीवर फेऱ्या मारत तू पाठ करायचीस तेव्हा मी आत जाळं सांधत ऐकत होतो. झोप येत असेल तर उभी राहा. कंटाळा आला तरी बघ. दिवा हलताना दिसला तर वरच्या साहेबाला लगेच सांग, तो ओरडला तरी सांग.

चुकलं माझं. तुला तुझं काम येतं. कॅप्टनसमोर उभी राहणारी तू, आणि मी सहा वाव पाण्यात जाळं टाकणारा माणूस, तुला शिकवतोय. रागावू नकोस. परवा बाजारात एकानं विचारलं, पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवलीस? मी म्हटलं, पाठवली नाही, ती गेली. घरी येईपर्यंत छाती भरून आली होती, आणि रात्री वाऱ्याचा आवाज ऐकत पडून राहिलो.

आई विचारते, सुकटीच्या चटणीची बाटली फुटली तर नाही ना? आणि रात्रीच्या पाळीनंतर जेवायला मिळतं का?

हे पत्र धाकटा फोटो काढून पाठवेल. किनारा लागला की उघड.

गुरुवारी पहाटे आपली होडी निघेल. काठीला मी आता दोन दिवे बांधलेत.

तुझा,
बाबा