फॉर्ममध्ये तसा कॉलमच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठी ओलांडलेल्या पुरुषांसाठी ‘फुल बॉडी चेकअप’ची पत्रके हल्ली पेपरात घालून घरोघरी येतात. साखर, थायरॉइड यांच्या रांगेत प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) पीएसए ही रक्तचाचणीही असते. गेल्या दिवाळीआधी मीही असे पॅकेज घेतले. लॅबचा मुलगा सकाळी घरी आला, ‘उपाशीपोटी आहात ना?’ असे दोनदा विचारून रक्त घेऊन गेला. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आला: पीएसए ६.८, लाल अक्षरांत, शेजारी वर जाणारा बाण. कंसात ‘० ते ४’. पुण्याहून मुलाचा फोन येईपर्यंत त्याचे गूगल करून झाले होते. बायकोने मेथी तशीच अर्धी निवडलेली सोडून दिली.

खरे तर पंधरा दिवसांपूर्वी मला लघवीचा संसर्ग झाला होता. पीएसए हे मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. कर्करोगात ते वाढते, तसेच वयानुसार ग्रंथी मोठी झाली, संसर्ग झाला, लघवीसाठी नळी घातली, तरीही वाढते. युरॉलॉजिस्टचा पहिलाच प्रश्न होता, ‘काका, जळजळ कधी थांबली?’ त्यांनी गुदद्वारातून बोटाने तपासले (मिनिटभरात होते, उगाच लाजून टाळू नये), गाठ लागली नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिले, आकडा ३.१ आला. वरच राहिला असता, तर एमआरआय आणि त्यात संशय दिसला तर बायॉप्सी (ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणे), असे ते म्हणाले. कर्करोग आहे की नाही हे बायॉप्सीतच ठरते. तिथेही ग्लीसन स्कोअर (कर्करोग किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ६, म्हणजे कमी धोक्याचा, आला, तर बरेचदा लगेच ऑपरेशन न करता नुसते लक्ष ठेवतात.

फिरायला सोबत असणाऱ्या आमच्या एका मित्राचे उलटे झाले. त्याचा आकडा ३.२, म्हणजे सगळे आलबेल. पण लघवीच्या त्रासासाठी तो वर्षभर डुटास्टेराइड घेत होता. या गोळीने काही महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर येते. डॉक्टरांनी हिशेब दुप्पट धरला, पुढच्या तपासण्या केल्या आणि कर्करोग सापडला, सुदैवाने ग्रंथीबाहेर न गेलेला. लॅबने गोळ्यांविषयी अवाक्षर विचारले नव्हते.

माझा या चाचणीला विरोध नाही. हा आजार सुरुवातीला काही लक्षणे दाखवत नाही, हे मला ठाऊक आहे. मागणी एवढीच की, सुई टोचण्याआधी अलीकडचा संसर्ग, नळी आणि चालू गोळ्या यांची चौकशी व्हावी आणि उत्तरे रिपोर्टवर छापावीत. या चाचणीला उपाशी राहावे लागत नाही, पण तेवढेच विचारतात!

हे सांगायला मी लॅबला फोन केला. पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, ‘काका, आमच्या फॉर्ममध्ये तसा कॉलमच नाही.’

– एक निवृत्त एसटी कर्मचारी, सातारा