तैपेईचं आवताण

शिनचू, तैवान
रविवार, रात्री

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आईची भाजी नेमकी तेव्हाच करपायला लागते, त्यामुळे एक गोष्ट म्हणून पुरी होत नाही. म्हणून सरळ पत्र लिहितेय. शेजारच्या दादाला पाठवते, तो मोठ्या अक्षरात छापून आणून देईल.

काल तैपेईला गेले होते. इथून जलद रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. दुपारी जेवताना जो फोटो टाकला त्याखाली आईने लगेच लिहिलं, "मोदक छान झालेत." आई, कळ्या पाडून वर टोक काढलेलं असतं आणि उकडतात, इथवर तुझं बरोबर. पण पारी तांदळाची नाही, गव्हाची. तुझी उकड आधी शिजलेली असते म्हणून बोटांनी दाबून पारी करावी लागते. हे पीठ कच्चंच असतं, बोटभर लाटण्याने लाटतात, कडा पातळ आणि मध्ये किंचित जाड. आणि आत नारळ-गूळ नाही. आत डुकराचं मटण असतं.

हो, खाल्लं मी. आवडीने खाल्लं, अख्खी टोपली.

आता आई चष्मा काढून पत्र बाजूला ठेवेल. बाबा, तुम्ही हसू नका. वसईला बदली होती तेव्हा नाताळात ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या घरी तुम्ही काय जेवला होतात, ते मला दहावीच्या सुट्टीत सांगितलंत आणि वर म्हणालात, आईला बोलू नकोस. इतकी वर्षं नाही बोलले. आज बोलले. तुमचं काय ते तुम्ही दोघं निस्तरा.

पदार्थाचं नाव शाओलोंगबाओ. बांबूच्या चपट्या टोपलीत दहा येतात. मूळचा शांघायच्या बाजूचा, नानश्यांग नावाच्या गावचा. चीनमधलं यादवी युद्ध संपता संपता, १९४९च्या आसपास, लाखो माणसं समुद्र ओलांडून तैवानला आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचं खाणंपिणंही आलं. म्हणून शांघायचा पदार्थ खायला लोक आता तैपेईला येतात. मी गेले ते डिन ताय फंगमध्ये, शिन्यी रोडवर. याच रस्त्यावर त्यांचं पहिलं दुकान होतं.

बाबा, इथून पुढचं खास तुमच्यासाठी. या दुकानाचा मूळ मालक यांग बिंग-यी. तो ना शांघायचा ना आचारी. शान्शी प्रांतातला पोरगा, १९४८ साली तैवानला आला आणि एका तेलाच्या दुकानात डिलिव्हरीच्या कामाला लागला. ते दुकान बुडाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, लाय पेन-मेईने, १९५८ मध्ये स्वतःचं तेलाचं दुकान टाकलं. आपल्याकडे किराणावाला पिंपातून काढून द्यायचा तसलं सुटं गोडेतेल. मग डब्यातलं तेल बाजारात आलं आणि सुट्या तेलाला कोणी विचारीना. १९७२ मध्ये कुणा ओळखीच्या हॉटेलवाल्याच्या सल्ल्याने त्यांनी अर्ध्या दुकानात शाओलोंगबाओ विकायला सुरुवात केली. अर्ध्यात तेल, अर्ध्यात टोपल्या. टोपल्या इतक्या खपल्या की तेल बंदच झालं. १९९३ साली न्यूयॉर्क टाइम्सने जगातल्या दहा उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत या दुकानाचं नाव घातलं, १९९६ मध्ये तोक्योला शाखा निघाली आणि आता बऱ्याच देशांत आहेत. म्हातारबाबा २०२३ मध्ये गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन.

तर तेलाच्या मापावर आयुष्य काढलेल्या माणसाचं स्वयंपाकघर कसं असेल? भिंत काचेची. आत पांढरे डगले, टोप्या, मास्क घातलेली मुलं-मुली एका लांब टेबलाभोवती उभी. एकजण पिठाची वळी करून सुपारीएवढे तुकडे तोडतो, एकजण लाटतो, एकीच्या हातात सारण, बाकीचे कळ्या पाडतात. आणि टेबलाच्या मधोमध इलेक्ट्रॉनिक काटा! पारी ५ ग्रॅमची, सारण १६ ग्रॅमचं, मिळून २१. कळ्या अठरा. हे आकडे गुपित नाहीत, दुकान स्वतः अभिमानाने सांगतं. मी काचेला नाक लावून उभी होते. एका मुलाने तुकडा काट्यावर टाकला, आकडा बघितला, नखाएवढं पीठ चिमटीने काढलं, पुन्हा टाकला. चेहऱ्यावर काही नाही. पुढचा तुकडा. माझ्या मागची माणसं काटा बघतसुद्धा नव्हती, सगळ्यांचे मोबाईल कळ्या पाडणाऱ्यांवर रोखलेले.

मला मात्र दुकानांतली वजनमापं तपासायला तुम्ही न्यायचात ती खाकी पिशवी आठवली, प्रमाणित वजनांची. बाजाराच्या दिवशी तुम्ही दुकानात शिरलात की पहिलं वजन काट्यावर ठेवायच्या आत पासंग कुठे बांधलाय ते तुम्हाला दिसायचं. शाळेत मला पोरं "काटेवाल्याची मुलगी" म्हणायची. लग्नकार्यात आपण वाण्याच्या पंगतीला बसलो की तो तुम्हाला दोन जिलब्या जास्त वाढायचा आणि तुम्ही त्या परत ताटाबाहेर काढायचात, आईचा जीव लाजेने अर्धा व्हायचा. मापात पाप नको, म्हणायचात. खरं सांगायचं तर तेव्हा मला तुमचा कंटाळा यायचा. बाबा, काल तुम्ही त्या काचेपाशी असतात तर तुम्हाला जेवायला ओढून न्यावं लागलं असतं. इथे उलटा मामला आहे. कमी भरलं तर गिऱ्हाईक फसलं हे झालंच, पण जास्त भरलं तरी चालत नाही. सारण जास्त झालं की पातळ पारी तळाशी फाटते आणि आतला रस्सा टोपलीत सांडतो. मग त्या गोळ्याला काही अर्थ नाही.

रस्सा आत जातो कसा, हा तुमचा पुढचा प्रश्न. इंजेक्शनने नाही. डुकराचं कातडं पाण्यात तासन्‌तास उकळतात. त्यातला चिकट अंश पाण्यात उतरतो. ते गाळून गार केलं की थिजतं, थरथरणारी वडी होते. ती बारीक चिरून मटणाच्या खिम्यात मिसळतात. म्हणजे भरताना ते घट्टच असतं. टोपली वाफेवर गेली की वडीचं पुन्हा पाणी होतं आणि पारीत कोंडून राहतं. टेबलावर येते तेव्हा प्रत्येक गोळा जरा फतकल मारून बसलेला असतो, आतला रस्सा हलताना बाहेरून दिसतो.

खायची रीत टेबलावर छापून ठेवलेली असते. वाटीत आल्याच्या केसासारख्या सळ्या, त्यावर सोया सॉस एक भाग आणि व्हिनेगर तीन भाग. गोळा टोकाला हलकेच धरून उचलायचा, आंबट पाण्यात बुडवून चमच्यात ठेवायचा. मग काडीने पारीला भोक पाडायचं, चमच्यात रस्सा येऊ द्यायचा, तो आधी प्यायचा आणि वर आल्याच्या दोन सळ्या ठेवून बाकीचं एका घासात. उचलून थेट तोंडात टाकला तर जीभ पोळलीच समजा. चव सांगू? तिखट शून्य. मसाला असा नाहीच. मिठाची, मटणाची, थोडी गोडसर. आल्या-व्हिनेगरने ती जागी होते. पहिल्या दोन गोळ्यांपर्यंत मला वाटत होतं, एवढी रांग कशासाठी? चौथ्याला बोलणं थांबलं. त्या पारीला चव नाही, पण ती दाताखाली जाणवते न जाणवते तोच संपते, ती सवय लागते.

शेजारच्या टेबलावर तुमच्याच वयाचं जोडपं होतं. पाचाची अर्धी टोपली, एक वाटी सूप, एक भाजी. आजोबांचा हात थरथरत होता, तर आजी गोळा स्वतः उचलून त्यांच्या चमच्यात ठेवायच्या आणि लगेच दुसरीकडे बघायच्या, जणू काही केलंच नाही. कोणी घाई करत नव्हतं. बाहेर मात्र एवढी गर्दी की नंबराचा कागद घेऊन तासभर ताटकळावं लागलं. त्या वेळात यादीच्या कागदावर काय हवं त्याच्या खुणा करून ठेवायच्या.

माझ्या ऑफिसातली तैपेईची मैत्रीण म्हणते, तिथे काय जातेस, ती पर्यटकांची जत्रा. तिच्या गल्लीतल्या दुकानात तिने मला नेलं होतं. तिथली पारी जाड, एकाच्या कळ्या दहा तर दुसऱ्याच्या पंधरा, दोन फुटलेले, पण रस्सा जास्त दाट आणि पैसे निम्मे. शाओलोंगबाओच म्हणशील तर मला तिचे जास्त आवडले. डिन ताय फंगला दहाच्या टोपलीला अडीचशे तैवानी डॉलरच्या वर पडतात, म्हणजे आपले सातशेच्या आसपास, वर दहा टक्के सेवा शुल्क. स्वस्त नाही. तरी तुम्हाला मी तिथेच नेणार, कारण तिथे पाठीला टेकायला खुर्ची आहे, स्वच्छ संडास आहे आणि आईला खाता येईल असं चार प्रकारचं आहे.

तर आई, आता पत्र परत हातात घे. तुझं "आम्ही तिथे येऊन खाणार काय" हे पालुपद मी आज निकालात काढतेय. तिथे मश्रूम आणि भाजी भरलेले उकडलेले प्रकार मिळतात, लसूण घालून परतलेली पालेभाजी मिळते, काकडीची गार कोशिंबिरीसारखी ताटली मिळते. आणि शेवटी गोड शाओलोंगबाओ! एकात तांबड्या चवळीच्या जातीच्या दाण्यांचं वाटण, दुसऱ्यात अळकुड्यांचं. हो, अळकुड्यांचं गोड. तू नाक मुरडशील, पण खाऊन मग मुरड. रस्सा या शाकाहारी प्रकारांत नसतो, तो वडीतून येतो आणि वडी कशाची ते वर सांगितलंच.

शिवाय या देशात बौद्ध शाकाहारी पुष्कळ. गल्लोगल्ली त्यांची खानावळ सापडते, आणि पाकिटावर शाकाहाराचे प्रकारही छापलेले असतात. निव्वळ शाकाहारी वेगळं, दूध चालणारं वेगळं, अंडं चालणारं वेगळं, आणि कांदा-लसूण असलेलं आणखी वेगळं. तुझ्या चातुर्मासासाठी कुणीतरी मुद्दाम कायदा केला असावा असं वाटतं. फक्त एक गंमत ऐक. कडक बौद्ध पाळणारे जे पाच उग्र पदार्थ वर्ज्य मानतात त्यात कांदा-लसणीच्या जोडीला हिंगही आहे! तेव्हा तुझी फोडणी इथल्या मठात चालायची नाही. माझ्या खोलीवर चालेल, मी हिंगाच्या डबीचं झाकण उघडं ठेवणार नाही.

गुडघ्यांचंही बघून ठेवलंय. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे. डब्यात गडद निळ्या खुर्च्या म्हाताऱ्या माणसांसाठी असतात आणि गर्दी असली तरी तरुण पोरं तिथे बसायला बिचकतात. बाबा, मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड होतो. गोळी घ्यायची असेल तर स्टेशनच्या बाहेर. साखरेचं म्हणाल तर शाओलोंगबाओत मैदा आहेच, पण पाच खाल्लेत आणि भात टाळलात तर डॉक्टर काही बोलणार नाहीत. मीठ मात्र बेताचंच घ्यायचं, सोया सॉसमध्ये बुडवून नाही ठेवायचं. रक्तदाबाची गोळी चुकवून इथे आलात तर मी आईच्या बाजूने.

कधी यायचं तेही सांगते. पावसाळ्यानंतरही ऑक्टोबरपर्यंत इकडे वादळांचा भरवसा नसतो. नोव्हेंबर उत्तम, पातळ स्वेटरवर भागतं. माझं इथलं काम जानेवारीपर्यंत आहे, त्यामुळे राहायचा खर्च नाही. व्हिसासाठी आता दिल्लीला जायला नको, त्यांचं कार्यालय मुंबईत उघडलंय. बाबा, तुम्ही पासपोर्ट कपाटातल्या त्याच खाकी पिशवीत ठेवलाय ना? काढून मुदत बघा आणि पहिल्या पानाचा फोटो दादाच्या फोनवरून पाठवा. सहा महिन्यांपेक्षा कमी उरली असेल तर नूतनीकरण आत्ताच करायला लागेल. आईचा नवीन काढायचाय, तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीख वेगळी आहे, ती भानगड दसऱ्याआधी मिटवा.

आणि आई, मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं कारण काढू नकोस. कॅलेंडर बघितलंय मी. मार्गशीर्ष लागायच्या आत तुम्ही घरी परत असाल, घट मांडायला पुरेसा वेळ ठेवून तिकिटं काढते. फक्त तारखेला हो म्हणा.

तुमची,
मनू

ता. क. वसईच्या जेवणाचं काय ठरलं तेही कळवा.