‘कारण अज्ञात’ म्हणता, मग मोजता का नाही?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसच्या दोन मशिनींचं उद्घाटन झालं, त्याला दिवाळीत वर्ष होईल. फीत कापली, पेढे वाटले. एक पेढा आमच्या अण्णांनीही, म्हणजे माझ्या वडिलांनीही खाल्ला. दुसऱ्याच आठवड्यात खोलीला कुलूप लागलं. विचारलं की एकच उत्तर, "टेक्निशियन नाही." म्हणून आठवड्यातून दोनदा पहाटेच्या एसटीनं अण्णांना जिल्ह्याला न्यावं लागतं. गेल्या मंगळवारी परतताना स्टँडवरच चक्कर येऊन पडले. कपाळाला पाच टाके. उपचार योजनेत फुकट आहेत, उपकार आहेत आपले. माझं तिकीट आणि बुडालेला रोज कुठल्या योजनेत बसतो? वर्षाला पन्नास हजार तरी गेले. हिशेब नीट ठेवला नाही, जास्तच असतील.

अण्णांनी बावीस हंगाम ऊस तोडला. शुगर नाही, आधी बीपीही नव्हतं. फाइलवर लिहिलंय: किडन्या निकामी, कारण अज्ञात.

साहेब, एल साल्वादोर आणि निकाराग्वातल्या ऊसतोड मजुरांच्या किडन्या अशाच गेल्या. तिथले डॉक्टर वीस वर्षांहून जास्त काळ यावर लिहीत आहेत. कुणी कीटकनाशकांवर बोट ठेवतं, वाद मिटलेला नाही. पण उन्हात राबायचं, घाम गाळायचा, पाणी मिळत नाही, किडनीला रक्त कमी पडतं आणि हंगामागून हंगाम ती थोडी थोडी झिजते, याचे पुरावे जमलेत. अंगदुखीच्या गोळ्या त्यात भर घालतात. (आमच्या टोळीत पाकीट मुकादमच ठेवायचा. खाडा परवडत नाही ना, आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते.) निकाराग्वात मजुरांना पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती दिली, तर किडनीची इजा कमी झाली. याला काय यंत्रं लागतात? ताडपत्री आणि रांजण!

आमचा हंगाम थंडीत सुरू होतो, उष्णता कुठली, असं कुणी म्हणेल. मार्चात फडात या, दुपारी दोनला.

तेव्हा फडात अण्णांना पाणी मिळायचं नाही. आता मिळतं, तर पिता येत नाही. दिवसाला एक लिटर, तेही गोळ्यांसकट. आई सकाळी तांब्या मोजून भरते आणि झाकून ठेवते. संध्याकाळी तळाशी घोटभर उरलं की अण्णा ते वाकून बघतात, पीत नाहीत. रात्रीसाठी ठेवतात.

उसातून साखर किती निघते, तो उतारा तुम्ही दशांशापर्यंत मोजता. काट्यावर मोळीन् मोळी तोलली जाते. तोडणाऱ्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते त्यावरून कळतं) हंगामाआधी एकदा, नंतर एकदा तपासायला कुणी अडवलंय? २०१९ मध्ये आमच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बोंब झाली म्हणून मोजलं. किडनीची बोंब ऐकू येत नसेल, ती मुकाट जाते. एकूण ऊसतोड मजूर किती, विचारा बरं! कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा. टन मात्र तोंडपाठ. मतदार यादीत आम्ही बरोबर सापडतो, फेब्रुवारीत कर्नाटकात असलो तरी गाड्या पाठवून आणता.

माझं मागणं एवढंच होतं, लिहिता लिहिता लांबलं. टेक्निशियन द्या, आणि कारखान्याच्या दारात रक्त तपासा. तोवर त्या कुलपाची चावी कुणाकडे आहे, तेवढं कळवा. उद्या शुक्रवार, आमची गाडी साडेपाचची आहे.

आपला,
एका कोयत्याचा मुलगा, जि. बीड