सईला, दिवाळीनंतर

इचलकरंजी, रविवार

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी पहाटे तू पुण्याची एसटी धरलीस. मी दारापर्यंत आलो, पण तोंडातून शब्द काढला नाही. ते आठवडाभर मनातून जात नाही. "हा डबा आता भंगारात घाला पप्पा," एवढंच तू म्हणालीस आणि मी ताटावरून उठलो. नवीन लॅपटॉप घेऊन देते म्हणणाऱ्या पोरीवर असं कुणी ओरडतं का? पण राग कॉम्प्युटरचा नव्हता. आदल्या रात्री स्वयंपाकघरात तू आईला सांगत होतीस, कानात शिट्टी वाजते, झोप लागत नाही, पप्पांना सांगू नकोस. मी सोप्यात बसलो होतो. मला ऐकू आलं नाही, दिसलं. एकतीस वर्षं यंत्रमागावर जॉबरकी, म्हणजे माग लावायचं-दुरुस्तीचं काम केलं. तिथल्या खडखडाटात सगळे ओठांवरच बोलतात.

कानाचं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. आधी कॉम्प्युटरचं सांगतो.

तू गेल्यावर कपाट लावताना तुझ्या पाचवीच्या गॅदरिंगची व्हीसीडी सापडली. तू लाल परकर-पोलक्यात माइकपुढे उभी आहेस ती. त्या दिवशी माझी पाळी होती, बाळूला बदली ये म्हटलं तर तो आला नाही. नंतर सीडी कितीदा पाहिली, पण मला नुसती गुणगुण यायची. तू काहीतरी बोलतेस, लोक हसतात, तू परत बोलतेस. लोक का हसले ते सगळ्यांना माहीत असणार म्हणून मी कधी विचारलं नाही.

आई झोपली होती म्हणून तू दिलेले हेडफोन लावले. उजव्या कानात काहीच नाही, शांत. डावा तर लहानपणीच फुटलेला, उरलासुरला मागांनी नेला. हेडफोन उलटे घातले तर उजव्यात आवाज आला! म्हणजे कॅसेटवरून सीडी करताना स्टुडिओवाल्याने पांढरी वायर जोडली आणि लाल तशीच राहिली. इतकी वर्षं सगळा आवाज माझ्या मेलेल्या कानातच जात होता.

मग मी त्या नारिंगी शंकूच्या प्लेअरच्या मागे लागलो. तोच, पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला, फुकटचा व्हीएलसी. तूच बारावीत असताना कॉम्प्युटरवर टाकून दिला होतास आणि मी इतकी वर्षं त्यात फक्त प्ले आणि पॉज दाबलं. सीडीवर चरे पडलेत, म्हणून एमपीईजीएव्ही फोल्डरातली डॅट फाइल आधी हार्डडिस्कवर घेतली. ऑडिओच्या मेनूत स्टिरिओ मोड म्हणून आहे, त्यात लेफ्ट निवडलं की डाव्या बाजूचा आवाज दोन्हीकडे येतो. कंट्रोल आणि ई दाबलं की इक्वलायझर उघडतो, जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायचा. त्यात ६० आणि १७०च्या पट्ट्या खाली ओढल्या, हॉलचा घुमारा गेला. ३के आणि ६केच्या, म्हणजे तीन आणि सहा हजार हर्ट्झच्या बारीक आवाजाच्या, वर केल्या. चौकटी कंसाची डावी कळ दाबली की वेग थोडाथोडा उतरतो आणि आवाज जाड होत नाही. व्ह्यूमध्ये ॲडव्हान्स्ड कंट्रोल्सवर टिक केली की खाली बटणांची आणखी एक ओळ येते. त्यातल्या ए-बी बटणाने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लागतो. सगळं आधीपासून आतच होतं गं. कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

तू म्हणत होतीस, "सर्व पाहुण्यांचं सस्नेह स्वागत." सस्नेहवर तू अडखळलीस, लोक हसले. आणि तू म्हणालीस, "हसू नका, मी परत म्हणते." परत म्हटलंस, स्वच्छ. मी ते अकरा वेळा लावलं. मला 'स' ऐकू आला सई. मोठ्या आवाजात राहिलं की आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, स, श, फ हे त्याच्याच शेजारचे. तुला हाक मारली की मला माझ्याच तोंडचं नुसतं 'ई' ऐकू येतं, हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगतो, कान तपासून घे. कानाच्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आवाज ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासच ऐकावं, ९० झाला तर फक्त ४ तास. तू नऊ नऊ तास हेडसेट लावून अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकतेस, बसमध्ये परत गाणी, रात्री परत सिरियल. पगार वाढला, टीम लीडर झालीस, मी सगळ्या आळीत सांगितलं. पण त्या पदाचा कानाला काय उपयोग? आमच्या वेळी कोण सांगणार होतं, कापसाचा बोळा घातला तरी पोरं चिडवायची. तुम्ही शिकलेल्या पोरी, तुम्हाला कळायला नको?

बघ, परत सुरू झालो. माफ कर. मंदाआत्याच्या वेळीही मी असाच बोलत सुटलो होतो, ती वर्षभर माहेरी आली नाही.

लॅपटॉप घे, मी नाही म्हणणार नाही. फक्त त्याला सीडी घालायची जागा नसते, म्हणून हा डबाही राहू दे. विंडोज सेव्हनचे अपडेट २०२० पासून बंद झालेत हे तुझं बरोबर आहे. मी नेटची वायर काढून ठेवली आहे. आता तो फक्त सीडी लावायला.

आणि त्या प्लेअरचा आवाज १०० च्या पुढे १२५ पर्यंत जातो. तू तिथं नेऊ नकोस. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवू नकोस, ३केची पट्टी वर कर. शिट्टी दिवसापण वाजते का, की फक्त रात्री? एका कानात की दोन्हीत? आईला विचारलं तर ती म्हणते मला काही माहीत नाही. ऑडिओमेट्रीला, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीला, अर्धा तास लागतो. सुट्टी मिळत नसेल तर शनिवारी इकडे ये, मिरजेला मी घेऊन जातो. आलेखाचा कागद मिळाला की फोटो पाठव. तो मला वाचता येतो, माझे चार आहेत.

आई लाडू पाठवते आहे. पेन ड्राइव्ह डब्यात वरच्या कागदाखाली पिशवीत घातलाय. फाइलला तुझंच नाव दिलं आहे. तूप लागू देऊ नकोस.

तुझे
पप्पा