ती घार होती, गरुड नव्हे

माननीय संपादक,

उत्तरायणाच्या पतंगोत्सवात मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांविषयीच्या आपल्या वृत्तासोबत छापलेल्या उडत्या पक्ष्याच्या छायाचित्राखाली 'गरुड' असे नाव होते. ती घार होती. शेपटीची मधली खाच छायाचित्रात स्वच्छ दिसत होती. वडोदऱ्यात आपले गुजराती शेजारी जिला 'समडी' म्हणतात, तीच ही.

चूक समजण्यासारखी आहे, कारण उंचावरील पक्ष्याचा आकार जोखायला आसपास काही नसते आणि ऊन त्याच्या पाठीमागे असले की सगळ्यांचाच रंग काळा दिसतो. म्हणून आधी शेपूट पाहावी आणि मग पंखांची ठेवण. घार वळताना खाचेची शेपूट सुकाणूसारखी सतत तिरकी करते. आपल्याकडील गरुडांच्या शेपटीला अशी खाच नसते. मात्र घारीने शेपूट पूर्ण पसरली की खाच जवळजवळ नाहीशी होते, आणि या एका गोष्टीने मी स्वतः अनेकदा फसलो आहे. ब्राह्मणी घारीचे पांढरे डोके व विटकरी पंख कोणीही ओळखेल, पण तिचे तपकिरी पिल्लू साध्या घारीसारखे दिसते. तिथे ब्राह्मणी घारीची गोलसर, बिनखाचेची शेपूटच कामी येते.

डभोईजवळच्या वढवाणा तलावावर हिवाळ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून अगदी खालून तरंगत जातो, तेव्हा त्याचे पंख खांद्यापासून वर उचललेले असतात. घारीचे मात्र सपाट किंवा टोकांशी किंचित झुकलेले. कापशी ही छोटी घार तर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, तिच्याबाबत घोटाळा होऊ नये.

गिधाडांच्या बाबतीत चुकीचे नाव अधिक महाग पडते. जनावरांना दिल्या जात असलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, अशा मेलेल्या जनावरांचे मांस खाऊन, ती देशभर झपाट्याने घटली आणि 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. कचऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारींच्या थव्याला 'गिधाडे' म्हटले, तर ती अजून भरपूर आहेत असा समज पसरतो. गिधाडाचे पंख रुंद, टोकांची पिसे बोटांसारखी सुटी आणि शेपूट आखूड असते, एवढे तपासले तरी पुरे. तेही शक्य नसेल, तेव्हा नुसते 'शिकारी पक्षी' असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वडोदरा